पांढरीच्या उशाला देवळे

१९५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी प्रकाशा गावच्या पांढरीत खणायला सुरुवात केली. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची माती. आपल्याकडे गावची जमीन दोन शब्दांत सांगून होते, काळी आणि पांढरी. काळीत पीक येते, पांढरीवर घरे उभी राहतात. घर पडते, त्याच्या मातीवर दुसरे उभे राहते, तेही पडते, आणि शेकडो वर्षांत त्याची टेकडी होते. तापीच्या उत्तर काठावर, शहादा तालुक्यातल्या या गावाशेजारची टेकडी अशीच वाढलेली होती.

थापरांच्या खड्ड्यात वरून खाली चार काळ सापडले. सर्वांत खाली चित्रे काढलेली माळवा आणि जोर्वे पद्धतीची मडकी आणि गारगोटीची पाती होती. ही वस्ती आजपासून साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. तिच्यावर काही शतकांचा खंड. मग लोखंड वापरणारे लोक आले, त्यांच्यावर सातवाहनांपासून पुढच्या शतकांची वस्ती, आणि सगळ्यांच्या वर इ.स. ६०० ते ११०० च्या सुमाराचा थर. तिथे पांढरी संपते.

मला या खड्ड्यातली सर्वांत बोलकी गोष्ट हा शेवट वाटतो. अकराव्या शतकाच्या आसपास टेकडीवरची वस्ती थांबते, आणि खानदेशात दगडी देवळांचे युग नेमके त्याच सुमारास भरात येते. प्रकाशाला आज आपण दक्षिण काशी म्हणतो. केदारेश्वर, काशीविश्वेश्वर, संगमेश्वर, गौतमेश्वर, पुष्पदंतेश्वर अशी नावे घेतो, तापीत अस्थी सोडतो, दशक्रिया करतो. पण देवाच्या कितीतरी आधी इथे माणूस होता. तो इथेच का राहिला, हे समजले की पुढचा सगळा इतिहास उलगडत जातो.

तापी बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगवते आणि सुमारे ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात, ही पश्चिमेला जाते. सातपुड्याच्या पायथ्याने ती सरळ दरी खोदत गेली आहे, आणि दरी म्हणजे वाट. पश्चिमेच्या बंदरांवरून उत्तर हिंदुस्थानाकडे किंवा दख्खनेत शिरायचे तर या दरीतून जाणे सोयीचे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. भडोचहून निघालेला बैल पैठणला पोचायचा तर तापी ओलांडल्याशिवाय त्याची सुटका नव्हती. तापीचे काठ मात्र उंच आणि तुटलेले. गाड्या उतरतील असा उतार जिथे सापडेल तिथे थांबा होणार, थांब्यावर बाजार होणार. उपनदी जिथे मिळते तिथे काठ फुटून असा उतार तयार होतो. प्रकाशाला सातपुड्यातून आलेली गोमाई तापीला मिळते. भाविक पुलंदा ही तिसरी नदी मोजतात आणि त्रिवेणी म्हणतात.

आजही अंकलेश्वरहून बऱ्हाणपूरकडे जाणारा रस्ता अक्कलकुवा, तळोदा, प्रकाशा, शहादा असाच जातो, आणि नंदुरबारहून शहाद्याला जाणारा माणूस प्रकाशाच्याच पुलावरून तापी ओलांडतो. अंकलेश्वर म्हणजे भडोचचा नर्मदेपलीकडचा शेजारी. दोन हजार वर्षांत वाहने बदलली, नदी उतरायची जागा बदलली नाही.

नदी ओलांडणाऱ्याच्या मनात धाकधूक असते. पाणी वाढेल का, बैल पाय टाकेल का, पलीकडे सुखरूप पोचू का? म्हणून उताराशी देव असतो. तापीच्या वरच्या अंगाला पूर्णा मिळते तिथे चांगदेवाचे मंदिर आहे, पांझरा मिळते तिथे मुडावदला कपिलेश्वर आहे, गोमाई मिळते तिथे प्रकाशाचा संगमेश्वर आहे. नकाशावर ही तीन ठिकाणे जोडली तर खानदेशातल्या तापीचा निम्म्याहून अधिक प्रवास डोळ्यांपुढे येतो. तीर्थ आधी की उतार आधी, हा प्रश्न मला पडत नाही. उतार होता म्हणून माणसे थांबली, थांबली म्हणून तिथे हात जोडले गेले.

अकराव्या-बाराव्या शतकांत या मुलखाला सेउणदेश म्हणत. यादव घराण्यातल्या सेउणचंद्राच्या नावावरून ते नाव पडले. यादव तेव्हा देवगिरीचे सार्वभौम राजे झालेले नव्हते. सिन्नर-चांदवडच्या बाजूला त्यांची सत्ता होती आणि खानदेशात त्यांच्या हाताखाली लहानलहान मांडलिक घराणी नांदत होती. चाळीसगावजवळच्या पाटण्याचे निकुंभ त्यांपैकीच. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला तो याच निकुंभांच्या आश्रयाने. अशा मांडलिकांच्या दरबारांत, व्यापारी मार्गांच्या पैशावर, दगडी देवळे उभी राहू लागली. पाटणे, वाघळी, झोडगे, बळसाणे, चांगदेव अशी ही साखळी आहे.

नंदुरबारकरांना यांपैकी जवळचे म्हणजे बळसाणे. आज ते धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात येते, पण १९९८ पर्यंत नंदुरबार आणि बळसाणे एकाच जिल्ह्यात होते. बुराई नदीकाठच्या या खेड्यात देवळांचा एक समूहच आहे. हेन्री कझेन्स या पुरातत्त्व अधिकाऱ्याने दख्खनेतल्या मध्ययुगीन मंदिरांवरच्या, १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याची बारकाईने नोंद घेतली. इथे शके ११०६ चा, म्हणजे इ.स. ११८४ चा कोरीव लेखही आहे. बळसाण्याच्या मोठ्या देवळाला तीन गाभारे आहेत, तिन्ही एकाच मंडपात उघडतात. मंडपाच्या मधोमध उभे राहून वर पाहिले की छताचे वितान आत-आत सरकत जाते. दगडाचा एकेक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे काढलेला असतो, आणि शेवटी मधली फट एका शिळेने झाकतात.

प्रकाशाची देवळे समजून घ्यायची असतील तर आधी बळसाण्याचा हा दगड समजून घ्यावा. आपण सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतो ती ही बांधणी. काळा घडीव दगड, आणि दोन दगडांमध्ये चुना नाही. एका दगडाला खाच, दुसऱ्याला कुसू, आणि बाकी सगळे वजनावर. वरचा दगड खालच्याला दाबतो, म्हणून भिंत उभी राहते. ही पद्धत पाथरवटाकडून फार अचूकता मागते, कारण चुकलेला सांधा झाकायला चुना नसतो. तिची मर्यादाही तिच्यातच आहे. दगडाची तुळई फार लांब टाकता येत नाही, मध्येच मोडते, म्हणून मंडपात खांबच खांब लागतात. शिखर बहुधा भूमिज पद्धतीचे. चार दिशांना चार नक्षीदार पट्टे वर चढत जातात आणि त्यांच्या मधल्या जागेत लहान शिखरांच्या प्रतिकृती ओळींनी रचलेल्या असतात. लांबून पाहिले तर एक शिखर दिसते, जवळ गेल्यावर शंभर.

हेमाद्री पंडित म्हणजे हेमाडपंत हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप, म्हणजे दफ्तराचा मुख्य अधिकारी. त्याची कारकीर्द तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. पण अंबरनाथचे याच बांधणीचे देऊळ शके ९८२ चे, म्हणजे इ.स. १०६० चे. बळसाण्याचा लेखही हेमाद्रीच्या आधीचा. ही बांधणी त्याच्या कारकिर्दीपूर्वी दोनशे वर्षे तरी चालू होती. लोकांनी एका कर्तबगार माणसाच्या नावावर सगळे दगड जमा केले आणि ज्या पाथरवटांनी ते घडवले त्यांचे एकही नाव आपल्याला ठाऊक नाही. मला याचे नेहमी वाईट वाटते.

१२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि पुढच्या वीसेक वर्षांत यादवांचे राज्य संपले. अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर याच्या दख्खन स्वारीत त्याचा तळ सुलतानपूरला पडल्याचे फिरिश्ता या इतिहासकाराने लिहिले आहे. हे सुलतानपूर आजच्या शहादा तालुक्यातले, प्रकाशापासून एका दिवसाच्या चालीवरचे. राजाश्रय तुटला तशी दगडी देवळांची नवी कामे थांबली. एक मोठे कोरीव देऊळ म्हणजे खाणीपासून कळसापर्यंत कित्येक वर्षांचा खर्च. तो उचलणारे मांडलिकच उरले नाहीत.

माणसे मात्र होती. इब्न बतूता १३४२ च्या सुमारास दौलताबादहून खंबायतकडे जाताना नंदुरबारला आला. त्याने हे लहान नगर मराठ्यांचे असल्याचे लिहिले आहे. ते कारागिरीत निपुण आहेत, त्यांच्यात वैद्य आहेत, ज्योतिषी आहेत. ते भात, भाज्या आणि तिळाचे तेल खातात, जिवाला इजा करणे त्यांना आवडत नाही, जेवणाआधी अंघोळ करतात, सात पिढ्यांच्या आतल्या नात्यात सोयरीक करीत नाहीत आणि मद्य घेत नाहीत. मोरोक्कोहून आलेल्या प्रवाशाने केलेले आपल्या घराचे हे वर्णन नंदुरबारच्या प्रत्येक शाळेत मुलांना वाचून दाखवायला हवे. देवगिरी पडून पन्नास वर्षेही झाली नव्हती, आणि या गावात अंघोळ-पूजा-जेवण हा क्रम बिनघोर चालू होता.

पुढची दोन-अडीच शतके हा पट्टा दोन सुलतानांच्या भांडणात सापडला. थाळनेरला फारुकी घराणे बसले होते, पलीकडे गुजरातचे सुलतान. मलिक राजा फारुकीने नंदुरबार-सुलतानपूर घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा गुजरातच्या जफरखानाने त्याला थाळनेरपर्यंत मागे रेटले. पुढे हे दोन्ही परगणे कधी इकडे, कधी तिकडे जात राहिले. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकी संपले. ‘ऐने अकबरी’त नंदुरबार हे माळवा सुभ्यातले एक सरकार म्हणून नोंदलेले दिसते. गुजरात, खानदेश, माळवा अशा तिघांच्या सीमेवर असणे हे या प्रदेशाचे नशीब. सीमेवरच्या गावाला एक गोष्ट मिळते, सगळीकडच्या कारागिरांचा हात. दुसरी मिळत नाही, ती म्हणजे कायमचा धनी.

मोगल काळात सुरत-बऱ्हाणपूर हा हिंदुस्थानातल्या मोठ्या व्यापारी रस्त्यांपैकी एक होता. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए त्याच्या मुक्कामांची यादी देतो. त्यात नवापूर आहे, नंदुरबार आहे, थाळनेर आहे, चोपडा आहे. नवापूरच्या भाताचे त्याने केलेले कौतुक वाचण्यासारखे आहे. दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्मा, रंग बर्फासारखा पांढरा आणि वास कस्तुरीचा. या रस्त्यामुळे गावात पैसा येत होता, पण तो नंदुरबारच्या पेठेत खेळत होता. राजधानी नाही, किल्ला नाही, टांकसाळ नाही, असे प्रकाशा आपले नदीकाठी शांत होते. मला वाटते, याच शांततेने त्याला वाचवले.

१७५२ च्या भालकीच्या तहाने निजामाकडून खानदेशचा मोठा भाग पेशव्यांकडे आला. होळकर, शिंदे आणि पेशवे यांच्यात तो वाटला गेला. मराठेशाहीच्या या काळात महाराष्ट्रभर जुन्या देवळांचे जीर्णोद्धार झाले, नवी उभी राहिली, घाट बांधले गेले. या वेळची बांधणी निराळी होती. मधल्या चारशे वर्षांत गवंड्यांनी सुलतानी इमारतींवर काम करताना कमान आणि घुमट आत्मसात केले होते. चुन्याची घाणी फिरू लागली. चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, उडदाचे पाणी घालून तो मुरवला की दगडासारखा धरतो, हे ज्ञान हाताला होते. त्यामुळे मंडपातले खांब कमी झाले, महिरपी आल्या, जोते घडीव दगडाचे आणि वरचे शिखर भाजलेल्या विटेचे व चुन्याचे अशी मिश्र पद्धत रूढ झाली. विटेचे शिखर दगडाच्या मानाने स्वस्त, हलके आणि लवकर होणारे. ते पडले तर गावच्या वर्गणीतून पुन्हा चढवता येत होते.

दीपमाळ ही या काळाची सर्वांत ओळखीची खूण. यादवकालीन मंदिराच्या मूळ आराखड्यात ती नसते. देवळापुढे मोकळ्यावर उभा असा उंच खांब, त्याला चारी बाजूंनी दगडी हात, आणि त्रिपुरी पौर्णिमेला त्या हातांवर पेटलेल्या पणत्या. प्रकाशाच्या केदारेश्वरापुढे अशी दगडी दीपमाळ उभी आहे. केदारेश्वर आणि काशीविश्वेश्वर ही शेजारची जोडी, त्यांच्यापुढे दीपमाळ, आणि खाली तापीकडे उतरणारा पायऱ्यांचा घाट, असे हे दृश्य आहे. घाटावर बसून पाहिले की ध्यानात येते, देवळाची रचना रस्त्याकडे पाहून केलेली नाही, पाण्याकडे पाहून केलेली आहे. नदीतून वर येणाऱ्याला आधी दीपमाळ दिसावी, मग शिखर.

गावाच्या पूर्वेला गौतमेश्वर आहे. प्रकाशाचे खरे वेगळेपण इथे आहे. दर बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत आला की गौतमेश्वराची मोठी यात्रा भरते. सिंहस्थ हा खरे तर गोदावरीचा. गौतम ऋषींनी गंगा त्र्यंबकच्या डोंगरावर आणली, म्हणून त्या काळात गोदेत स्नान करायचे. तापीकाठच्या गावाने गौतमाचे नाव आपल्या महादेवाला दिले आणि गोदेचा सिंहस्थ तापीवर आणला. काशीचा विश्वेश्वर आणला, हिमालयातला केदार आणला, त्र्यंबकचा गौतम आणला. ज्या शेतकऱ्याला, ज्या गुजर-कुणबी कुटुंबाला काशीपर्यंत पायी जाणे आयुष्यात जमणार नव्हते, त्याच्यासाठी सगळी क्षेत्रे एका घाटावर गोळा झाली. काशीला जाऊन आलेल्यानेही प्रकाशाला यावे असे इकडचे लोक म्हणतात, त्यात मला अभिमानापेक्षा आपुलकी जास्त दिसते.

आणि मग १८०२ उजाडले. यशवंतराव होळकरांच्या फौजा पुण्याकडे जाताना खानदेशातून गेल्या. सुलतानपूर लुटले गेले. पुढच्या वर्षी पाऊस पडला नाही, दुष्काळ आला. गावेच्या गावे उठली, काळी पडीक राहिली, शेतांत झाडी माजली. भिल्लांना पाटील-देशमुखांकडून मिळणारे हक्क बंद झाले आणि ते डोंगरात शिरून लुटीवर जगू लागले. पेंढाऱ्यांचा त्रास होताच. १८१८ मध्ये इंग्रजांनी खानदेश ताब्यात घेतला तेव्हा नंदुरबार अर्ध्याहून अधिक ओसाड पडलेले होते आणि सुलतानपूरचे तर नावच उरले होते. चार वर्षांनी, १८२२ मध्ये, तापीला महापूर आला. मुंबई इलाख्याचे गॅझेटियर सांगते की पासष्ट गावे पूर्ण वाहून गेली आणि पन्नास अर्धीमुर्धी.

सत्तेची ठाणी अशी खचत गेली. थाळनेरचा किल्ला ढासळला, सुलतानपूर संपले. प्रकाशा टिकले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरचा बारावा खंड १८८० साली निघाला. त्यात प्रकाशाची नोंद करताना गौतमेश्वराचे जुने देऊळ आणि त्याची बारा वर्षांनी भरणारी सिंहस्थाची यात्रा आवर्जून सांगितली आहे. लूट, दुष्काळ, पूर, राज्यपालट, एवढे सगळे होऊनही गुरू सिंहेत आला की माणसे गोळा होतच होती. किल्ल्याला राजा लागतो. प्रकाशाला लागत होता एक पंचांग वाचणारा, एक नाव वल्हवणारा आणि कळसाला चुना लावणारा एक गवंडी.

इथे थोडे उत्तरेला वळायला हवे, कारण नंदुरबार जिल्हा म्हणजे फक्त तापीकाठ नाही. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा समाजाची देवस्थाने दगडी शिखरांची नाहीत. दिवाळीच्या दिवसांत हजारो माणसे अस्तंब्याच्या शिखरावर चढतात. कपाळावर भळभळती जखम घेऊन फिरणारा अश्वत्थामा तिथे आहे, अशी श्रद्धा आहे. वर गाभारा नाही, मंडप नाही, उघडे आकाश आणि उघडा दगड. याहामोगी मातेच्या कथा अक्कलकुव्याच्या दाबशी जोडलेल्या आहेत. तोरणमाळला गोरखनाथाचे स्थान आहे आणि महाशिवरात्रीला तिथे नाथपंथी, आदिवासी आणि पठारावरचे शेतकरी एकत्र येतात. वास्तुशास्त्राच्या पुस्तकात या जागांना प्रकरण मिळत नाही. पण जागा निवडण्यामागचे मन तेच आहे, जे गोमाईच्या संगमावर होते. जिथे वाट अवघड, तिथे देव.

नद्यांनीच देवळे वसवली, आणि विसाव्या शतकात नद्यांवरच्या धरणांनी काही बुडवली. जिल्ह्याची उत्तर सीमा नर्मदा आहे. तिच्या काठी मणिबेलीजवळ शूलपाणेश्वराचे प्राचीन देवस्थान होते. नर्मदा परिक्रमेला निघालेल्या प्रत्येकाला शूलपाणीची झाडी ठाऊक असते. सरदार सरोवराचे पाणी चढू लागले तसे मणिबेली १९९३ च्या पावसाळ्यात पहिल्यांदा बुडाले आणि शूलपाणेश्वराचे जुने देऊळ पाण्याखाली गेले. देवासाठी गुजरातेत गोरा इथे नवे देऊळ बांधण्यात आले. महाराष्ट्रातली तेहतीस गावे या धरणाच्या पाण्यात आली. देवाचे पुनर्वसन लवकर झाले, माणसांचे कित्येक वर्षे रखडले. तापीवर खाली उकाई धरण १९७२ साली पुरे झाले. त्याच्या फुगवट्यात नवापूर-नंदुरबारकडच्या जमिनी गेल्या. या शतकाच्या पहिल्या दशकात प्रकाशा आणि सारंगखेडा इथे तापीवर बॅरेज झाले. त्यामुळे उन्हाळ्यात जिथे वाळवंट दिसायचे तिथे आता पाणी साठून राहते. घाटाच्या खालच्या पायऱ्या वर्षातला बराच काळ पाण्यात असतात. भाविकाला ते बरे वाटते, दगडाच्या सांध्याला ते किती मानवते, हे तपासायला हवे.

२००३ च्या आणि नंतरच्या सिंहस्थांच्या निमित्ताने प्रकाशाला रस्ते, निवारे, घाट अशी कामे झाली. अशा कामांत दोन धोके असतात आणि ते मी महाराष्ट्रभर पाहिले आहेत. पहिला, जुन्या दगडावर ऑइल पेंट फासण्याचा. दगडाला श्वास घ्यायचा असतो. आतली ओल बाहेर पडली नाही तर पापुद्रे सुटतात, आणि पापुद्र्याबरोबर नक्षीही जाते. दुसरा, चुन्याच्या जागी सिमेंट भरण्याचा. चुना दगडाबरोबर फुगतो-आकसतो, सिमेंट ताठ राहते आणि दगडालाच फोडते. तीनशे वर्षे चुन्याने धरलेले शिखर तीस वर्षांत सिमेंटने तडकलेले पाहिले आहे. गाभाऱ्यात चकचकीत फरशी बसवली की देणगीदाराचे नाव लागते, पण खालचा मूळ दगड, त्यावरचे कोरलेले अक्षर, जोत्याच्या थरांची उंची, हे सगळे झाकले जाते. ज्या दगडावरून देवळाचे वय सांगता आले असते तोच दिसेनासा होतो.

प्रकाशाचा इतिहास हा डागडुजीचा इतिहास आहे, हे मी आदराने म्हणतो. इथले कुठलेच देऊळ एका राजाचे, एका वर्षाचे नाही. पांढरी जशी थरांनी वाढली तशीच ही देवळेही वाढली. जुन्या जोत्यावर नवी भिंत, पडलेल्या शिखराच्या जागी विटेचे शिखर, पुढे दीपमाळ, खाली घाट. त्यामुळे आजच्या पिढीने दुरुस्तीला हात लावू नये असे म्हणणे चूक ठरेल. आपल्या आधीच्यांनी लावला म्हणून तर देऊळ आपल्यापर्यंत आले. फक्त त्यांनी जे वापरले ते वापरावे, चुना, वीट, घडीव दगड. आणि काम सुरू करण्याआधी प्रत्येक भिंतीचे, प्रत्येक द्वारशाखेचे छायाचित्र आणि माप घ्यावे. नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या महाविद्यालयांतली मुले एका हिवाळ्यात हे काम करू शकतील.

पुढचा सिंहस्थ २०२६ च्या अखेरीस सुरू होतो. गौतमेश्वराला जाल तेव्हा संगमावर स्नान करा, दर्शन घ्या, आणि परतताना गावाशेजारच्या पांढरीपर्यंत चार पावले चाला. टेकडीच्या मातीत खापराचा तुकडा दिसला तर उचलून पाहा, पण खिशात घालू नका. तो जिथे होता तिथेच ठेवा.